सूर नेमका कुठे घसरला?

वाद्यांच्या साथीशिवाय गाणाऱ्या एका क्वायरचं रेकॉर्डिंग होतं आणि मी ध्वनिमुद्रक. टेक (एकाच रचनेची पुन्हा पुन्हा केलेली रेकॉर्डिंग) ऐकायला गोड येत होते, तरी माझं काम अडलं होतं. लांब रचना असली की वेगवेगळ्या टेकमधले उत्तम भाग निवडून जोडायचे, ही नेहमीची रीत. इथे जोडच बसेना. सुरुवात पांढरी चारमध्ये, शेवट अर्धा स्वर खाली, पांढरी तीनच्या जवळ, आणि प्रत्येक टेकची घसरण वेगळी.

आत नजरानजर सुरू झाली. क्वायरमध्ये आवाजाच्या उंचीप्रमाणे चार गट असतात : बायकांचे सोप्रानो (वरचा) आणि आल्टो (खालचा), पुरुषांचे टेनर (वरचा) आणि बेस (खालचा). टेनर आल्टोंकडे बघतायत, आल्टो बेसकडे. सूर उतरला की आरोपी कायम शेजारच्या रांगेत!

संचालिकाबाईंनी एकेका गटाला वेगळं गाऊन दाखवायला सांगितलं. सगळे सुरात. मग चारही गट एकत्र, एकेक स्वरमेळ (एकाच वेळी लागणारे वेगवेगळे स्वर) धरून, अगदी सावकाश. तेव्हा हेडफोनमध्ये उलगडा झाला. भानगड गंधाराची होती. वाद्य नसलं की कान आपोआप तंतोतंत जुळणारा गंधार शोधतो, आणि तो पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली लागतो (काळ्या-पांढऱ्या मिळून पियानोच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर). आता हाच स्वर पुढच्या मेळात दुसऱ्याचा आधार झाला, की बाकीचे त्याच्याशी जुळवून घेतात आणि अख्खा क्वायर खाली येतो. काही मेळ ठरावीक क्रमाने फिरले तर एका फेरीत २१.५ सेंटचा फरक पडतो. बेनेदेत्ती नावाच्या इटालियन गणितज्ञाने १६व्या शतकातच हे दाखवून दिलं होतं. म्हणजे प्रत्येक मेळ अचूक लावल्यामुळेच पट्टी निसटत होती.

अर्थात सगळं गणितावर ढकलण्यात अर्थ नाही. मंडळी दमली होती, आणि एकाच स्वरावर रेंगाळणाऱ्या ओळी दमलेल्या गळ्यात हमखास उतरतात.

मी सुचवलं, मधूनमधून पियानोवर सूर देऊ. बाई म्हणाल्या, "नको, दचकून वर उडी मारतील." त्यांनी रांगा मोडल्या. सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस असे चौघांचे घोळके केले आणि प्रत्येकात हातभर अंतर ठेवलं, म्हणजे स्वतःचा आवाजही ऐकू येतो. शेजाऱ्याबरोबर श्वास घ्यायचा नाही, अशी ताकीद दिली. आणि पट्टी चक्क चढवली : काळी तीन. सोप्रानो कुरकुरल्या. उतरणाऱ्या क्वायरला आणखी वर न्यायचं हे मलाही उफराटं वाटलं. पण गळ्याचा बाज जिथे बदलतो, नेमक्या त्या अडचणीच्या जागेवर आधीचे स्वर येत होते. अर्ध्या स्वराने ती जागा टळली.

घसरण पूर्ण थांबली नाही. थोडी उरली, पण प्रत्येक टेकमध्ये जवळपास सारखीच, आणि मला तेवढंच हवं होतं. संध्याकाळी जोड बसले. सगळ्यात अवघड जोड आल्टोंच्या ओळीत होता, हे टेनरांना कळू दिलं नाही.