पेन्शनच्या तारखेतलं शतक

2012 साली इंग्लंडमधल्या एका पेन्शन कंपनीने स्वतःच्या टीमकडचं सॉफ्टवेअरचं काम आमच्या हिंजवडीच्या ऑफिसला दिलं. केटीसाठी, म्हणजे काम शिकून ताब्यात घेण्यासाठी (नॉलेज ट्रान्सफर), मी दोघातिघांना घेऊन तिकडे गेले. आधी त्यांनी काम करायचं आणि आम्ही शेजारी बसून बघायचं, मग आम्ही करायचं आणि त्यांनी बघायचं. एक्सेलमध्ये प्रत्येक प्रोग्रामपुढे एक रकाना होता. समजला की हिरवा.

त्यांची टीम छोटी, बहुतेक जण पन्नाशी उलटलेले. सगळे प्रोग्राम कोबोल या जुन्या भाषेत, मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकावर. तिथे काम ठेकेदाराकडे गेलं, तर माणसंही त्याच अटींवर त्याच्याकडे जातात, असा 'ट्यूपी' (TUPE) नावाचा कायदा आहे. पण कामच समुद्रापलीकडे निघाल्यावर त्या अटी घेऊन हिंजवडीला कोण येणार? शेवटी नुकसानभरपाई आणि निरोप. हे ठाऊक असूनही ती माणसं रोज वेळेवर येऊन आम्हाला शिकवत होती. याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

तारखांच्या प्रोग्रामचा दिवस मला अजून लख्ख आठवतो. जुन्या फायलींत वर्ष दोनच आकडी होतं. 2000 साल जवळ आलं तेव्हा सगळ्या फायली बदलण्याऐवजी बऱ्याच कंपन्यांनी एक हद्द ठरवली: हद्दीपर्यंतचा आकडा 2000 नंतरचा, त्यापुढचा 1900 नंतरचा. इथे असे दोन प्रोग्राम होते. एकाची हद्द 60, दुसऱ्याची 12, बाकी ओळन्ओळ सारखी. डॉक्युमेंटमध्ये दोन्हींपुढे एकच वाक्य होतं: वर्ष चार आकडी करतो.

आमच्यातला एक मुलगा म्हणाला, "हे डुप्लिकेट आहे. 60 वाला ठेवू, दुसरा काढून टाकू." कोड वाचून कुणीही हेच म्हटलं असतं.

त्यांच्या टीममधल्या, शेजारी बसलेल्या बाईंनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. कोडमध्ये लिहिलेल्या 1998 च्या कॉमेंटमध्ये त्यांचीच आद्याक्षरं होती. टेस्ट रीजनमध्ये, म्हणजे चाचणीसाठीच्या वेगळ्या जागेत, त्यांनी जन्मसाल 25 असलेलं एक रेकॉर्ड घेतलं, हद्द 60 केली आणि जॉब चालवला. आउटपुट आलं: जन्म 2025, वय उणे 13, रेकॉर्ड एरर लिस्टमध्ये, पेमेंट शून्य.

"ही सत्याऐंशी वर्षांची बाई आहे," त्या म्हणाल्या. "नवऱ्याच्या पश्चात याच पेन्शनवर जगते."

60 ची हद्द होती पुढच्या निवृत्तीच्या तारखांसाठी, 12 ची जन्मतारखांसाठी. मयत सभासदाच्या लहान मुलांनाही पेन्शन मिळते, म्हणून ही दुसरी हद्द दर जानेवारीला एकने वाढवावी लागे. मी विचारलं, "मग 1912 किंवा त्याआधी जन्मलेल्यांचं काय? त्यांचा जन्मही 2000 नंतरचाच धरला जाणार ना?" त्यांनी ड्रॉवरमधून एक वही काढली. त्यात त्या सगळ्यांचे पॉलिसी नंबर होते. दर महिन्याला रन व्हायच्या आधी त्या एकेक नंबर हाताने तपासत. हे काम कुठल्याच डॉक्युमेंटमध्ये नव्हतं आणि आमच्या एक्सेलमध्ये त्याला रकानाही नव्हता.

त्याच संध्याकाळी मी पुण्याला फोन लावला. करारातल्या तारखा ठरलेल्या आहेत, हेच उत्तर आलं. मी हटले नाही. एका महिन्याचं पेन्शन थांबलं तर त्या म्हाताऱ्या माणसाचं घर कसं चालेल, हे बोलल्यावर थोडी मुदत मिळाली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही प्रश्नच बदलला. हा प्रोग्राम काय करतो, हे विचारण्याऐवजी विचारू लागलो: याने तुम्हाला रात्री कधी उठवलं होतं? दर वर्षी, दर महिन्याला हाताने काय करता? माणसं भरभरून बोलायला लागली. कॅलेंडरमध्ये नव्या नोंदींची रांग लागली आणि हिरवे झालेले कितीतरी रकाने आम्ही पुन्हा पांढरे केले.

डिसेंबरात ती टीम गेली. जानेवारीत आम्ही हद्द 13 केली आणि 1913 साली जन्मलेल्यांचे नंबर यादीत चढवले. पुढे भांडून बजेट मिळवलं आणि फायलींमधलं वर्ष चार आकडी करून घेतलं. त्याचं स्पेसिफिकेशन आम्ही बाईंच्या वहीवरूनच लिहिलं.