घोडा गाडीत नेताय? मग मान आखडून बांधू नका

मार्गशीर्ष लागला की आपल्या नाशिकमधनं सारंगखेड्याला घोडे निघतात, दत्तजयंतीच्या यात्रेला, कोणी विकायला तर कोणी नुसतं मिरवायला. आणि परत आल्यावर दोन-चार दिवसांत फोन सुरू होतात, घोडी खोकतेय, चंदीला (दाण्याच्या खुराकाला) तोंड लावत नाही, तापीकाठची थंडी बाधली वाटतं. मला विचाराल तर थंडीवर ढकलण्याआधी एकच बघा, गाडीत घोडी बांधली कशी होती.

घोड्याला तोंडानं श्वास घेता येत नाही, सगळं नाकातूनच. आणि दिवसभर मान खाली घालून चरतो त्यामुळे नाका-घशातली घाण, चिकटा आपोआप खाली उतरत राहतो. गाडीत आपण नेमकं उलटं करतो. मोहरकीचा, म्हणजे तोंडावरच्या पट्ट्याचा दोर वरच्या पाइपाला आखूड आवळतो, कारण डोकं हललं नाही तर घोडा पडत नाही असं जुनेजाणते सांगत आलेत, मग चांदवड, मालेगाव, धुळे करत सगळा रस्ता मान वर आणि धूळ, चाऱ्याचा भुगा, जंतू सगळं साचून श्वासनळीतून फुफ्फुसात उतरतं. डॉक्टर याला शिपिंग फीव्हर म्हणतात. हा साधा खोकला नाही, वेळेत उपचार झाले नाहीत तर छातीत पाणी होतं आणि जनावर हातचं जातं.

त्यात थंडी म्हणून ताडपत्री चारी बाजूंनी बंद! आत मुताचा वास एवढा कोंडतो की आपले डोळे चुरचुरतात, घोडा तर त्यातच उभा असतो तासन् तास. वरून झाका, समोरचा वारा थेट तोंडावर येऊ देऊ नका, पण बाजूनं हवा खेळती ठेवाच. चारा लावायचा तर पाणी मारून ओला करून लावा, सुक्याचा भुगा थेट नाकात जातो.

दोर किती सैल? मान छातीच्या खाली नेता आली पाहिजे पण पाय अडकता कामा नये, आणि गाठ एका ओढीत सुटणारी हवी. तीन-चार तासांनी गाडी बाजूला घ्या, दोर सोडा, पाण्याची बादली खाली ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं मान खाली घालू द्या. ढाब्यावर आपण चहा घेतो तेवढ्यात होतं हे. बाहेरचं पाणी बरेच घोडे पीत नाहीत, म्हणून घरचंच कॅन भरून घ्या, पाणी कमी पडलं की पोटशूळ ठरलेला.

मान मोकळी सोडली तर पडेल ना, हा प्रश्न येतोच. पडू नये म्हणून करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या १९७८ च्या जनावर वाहतुकीच्या नियमांतच आहेत. दोन घोड्यांच्या मध्ये निदान ८ सेंटिमीटर जाडीचा बांबू, मागे दोन मजबूत आडवे दांडे, खाली पाय न घसरणारं काहीतरी (रबरी मॅट सगळ्यात बरी, नाहीतर भुशाचा जाड थर), तोंड डावीकडे म्हणजे शेजारून जाणाऱ्या गाड्या अंगावर आल्यासारख्या वाटत नाहीत, आणि एका गाडीत ४ ते ६ च्या वर घोडे नकोत. वेग ताशी ३५ च्या आत असंही त्यात आहे. चौपदरी रस्त्यावर ड्रायव्हर ऐकत नाहीत हे मान्य, पण चांदवडजवळचा राहूड घाट उतरताना तरी त्याच्या शेजारी बसा आणि ब्रेक हळू दाबायला लावा, घोडा मान आखडून नाही तर चार पायांवर तोल सांभाळतो आणि त्याला त्यासाठी वेळ लागतो.

चढवताना काठी नको प्लीज. गाडी मातीच्या उंच बांधाला टेकवून लावा, आधी ओळखीचा शांत घोडा चढवा, दुसरा त्याच्या मागे जातो. यात्रेच्या आधी आठवडाभर गाडीत चढवून, खायला घालून उतरवायची सवय लावली तर अजूनच सोपं.

पोहोचल्यावर लगेच चंदी देऊ नका, आधी पाणी आणि जमिनीवर टाकलेला चारा. पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावा, १०१.५ फॅरनहाइटच्या वर गेलं किंवा नाकातून घट्ट शेंबूड आला तर काढा-बिढा करत बसू नका, डॉक्टरांना बोलवा आणि घोडा किती तास गाडीत होता ते आधी सांगा.