सोमवार की गुरुवार?

दुपारी अडीचला फोन वाजला. या वेळी एकतर कर्ज देऊ करणारे असतात, नाहीतर चुकीचा नंबर. पण नाव ओळखीचं निघालं. चार वर्षांत या नावाने माझा फोन वाजला नव्हता. वाढदिवसाला एकमेकींना फुलांचं चित्र पाठवायचं, एवढ्यावर आमची मैत्री येऊन थांबली होती.

"अगं, सहज केला," ती म्हणाली.

सहज केलेल्या फोनवर कुणी ‘सहज केला’ असं सांगत नाही. मी काही बोलले नाही. मुलं झाली, गुडघे झाले, उकाडा झाला. मी वाट बघत होते, कारण असे फोन मी स्वतः पुष्कळ केलेत. मग ते आलंच. "मी ना, एक छोटंसं काम सुरू केलंय. घरी पाच-सहा जणी जमवायच्या, मी येऊन प्रॉडक्ट्स दाखवणार. घ्यायलाच पाहिजे असं मुळीच नाही हं. तुझ्याकडे ठेवू या? सोमवार बरा पडेल की गुरुवार?"

सोमवार की गुरुवार! मला हसूच आलं. आम्हालाही अगदी हेच शिकवलं होतं. ‘ठेवशील का’ असं कधी विचारायचं नाही, कारण त्याला ‘नाही’ म्हणता येतं. दोन वार पुढ्यात टाकायचे. समोरची बिचारी सोमवारी काय आहे ते आठवत बसते आणि तेवढ्यात पार्टी तिच्या गळ्यात पडलेली असते.

मी हा उद्योग आठ महिने केला. कंपनीचं नाव सांगत नाही, वस्तू खरं तर चांगल्या होत्या. पहिल्याच दिवशी आमच्या सीनिअर ताईंनी कोरी वही हातात ठेवली. म्हणाल्या, शंभर नावं लिही. तेविसाव्या नावापर्यंत मैत्रिणी पुरल्या. तिथून पुढे ओळखी. साठाच्या पुढे दाताच्या डॉक्टरांकडे नाव लिहून घेणारी मुलगी आली, मुलाच्या वर्गातल्या एका मुलाची आईसुद्धा आली, जिच्याशी माझं कडाक्याचं भांडण झालेलं होतं. आणि प्रत्येक नावापुढे एक रकाना. त्यात आपल्याला कळेल असं काहीतरी टिपायचं. ‘ओळखी भरपूर.’ ‘नवरा उशिरा येतो.’ ‘सासूबाईंना विचारावं लागेल.’

एका संध्याकाळी माझी पिशवी सोफ्यावर उपडी झाली आणि वही एका मैत्रिणीच्या हाती लागली. जवळची मैत्रीण, पाचवं नाव. तिने आपल्या नावापुढचं वाचलं: ‘हॉल मोठा. नाही म्हणणार नाही.’ मी नुसती उभी. तिने वही मिटून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "खरंय गं." पुढच्या आठवड्यात तिच्याकडे पार्टी झाली. सगळ्या पार्ट्यांमधली सगळ्यात जास्त विक्री. होस्टेस गिफ्ट म्हणून तिला मोठा सेट मिळाला. तो तिने उघडलेला मी कधी पाहिला नाही.

या धंद्यात विकणं अवघड नाही. वस्तू हातात असली की तोंड आपोआप चालतं. अवघड असतं ते कुणाचं तरी घर मागणं.

हे कुणाच्या डोक्यातून निघालं म्हणून मी तेव्हा शोधायला गेले होते. एकट्या कुणाच्या नाही, पण एका बाईपाशी मी थांबले. अर्ल टपर नावाच्या अमेरिकन माणसाने 1946 च्या सुमारास घट्ट झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे बाजारात आणले आणि ते दुकानात धूळ खात पडले. झाकण कसं लावायचं तेच लोकांना कळेना! मधोमध दाबायचं, कडा जराशी उचलायची, आतली हवा बाहेर काढायची. हे कुणीतरी डोळ्यांसमोर करून दाखवावं लागतं. ब्राउनी वाइज ते बायकांच्या घरी जाऊन दाखवायची. घटस्फोटित बाई, पदरी एक मुलगा. भरलेला डबा ती खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाला फेकायची, थेंब सांडत नाही हे दाखवायला. 1951 मध्ये टपरने दुकानांतली विक्री बंद करून सगळी विक्री घरगुती पार्ट्यांवर आणली आणि तिच्या हाती सोपवली. 1954 मध्ये ती ‘बिझनेस वीक’च्या मुखपृष्ठावर झळकली. तिथे त्याआधी कुठल्याच बाईचा फोटो आला नव्हता. 1958 मध्ये त्याच टपरने तिला काढून टाकलं. कंपनीत तिच्या नावावर एक शेअर नव्हता. आमच्या ताई सभेत तिची गोष्ट मुखपृष्ठापर्यंतच सांगायच्या.

त्या झाकणाचा आवाज मात्र मी फार आधी ऐकला होता. सात-आठ वर्षांची असेन. शेजारच्या काकूंकडे बायका जमल्या होत्या आणि आईला चिकटून मीही गेले होते. एक अनोळखी बाई टेबलाशी उभी होती, नखं तांबडीलाल. तिने झाकणाची कडा उचलली आणि डब्याने ‘फुस्स’ केलं. मी जोरात हसले. बायकाही हसल्या. बाईने डबा माझ्या हातात दिला, "आता तू कर." मी किती वेळा केलं देव जाणे. नंतर कार्बन घातलेले फॉर्म फिरले. आईने पेन हातात घेतलं आणि मान वर करून बघितलं. डब्यांकडे नाही, काकूंकडे. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. आईने चार डब्यांचा सेट लिहिला. घरी येताना जिन्यात एवढंच पुटपुटली, "डबे काय कमी होते आपल्याकडे?"

पुढे कुठेतरी वाचलं की 1990 साली दोन अभ्यासकांनी अशा पार्ट्या तपासल्या. बाई काय घेणार हे तिला वस्तू किती आवडली यापेक्षा यजमानीण किती जवळची आहे यावर जास्त ठरतं, असं त्यांना आढळलं. त्यांना आमच्या जिन्यात उभं करायला हवं होतं.

ते चारही डबे आज माझ्याकडे आहेत. झाकणं तीन. चौथ्यावर दुसऱ्याच कुठल्यातरी डब्याचं झाकण आहे, ते बसत नाही आणि मला रोज छळतं. फेकवतही नाही. दुसऱ्याच्या झाकणाखाली काही ठेवलं की मला रात्री उठून बघावंसं वाटतं. घरातल्यांच्या मते हा आजार आहे. असेल.

तर, ती फोनवर थांबली होती. तिच्याही वहीत माझं नाव असणार. कितवं? आणि पुढे काय लिहिलं असेल? ‘घरीच असते’? ‘पूर्वी हेच करायची, तिला कळेल’? विचारावंसं वाटलं, पण धीर झाला नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. दोन वार सांगून झाले की गप्प बसायचं असतं, आधी बोलेल तो हरला, हेही शिकवतात. ती बरोबर करत होती.

"गुरुवार," मी म्हटलं.

ती इतकी खूश झाली की मला आणखी दोन जणींची नावं सुचवावीशी वाटली, आणि मी सुचवलीही. किती जणी मावतील, टेबल आहे का, प्लग कुठे आहे, सगळं ठरलं. चार मिनिटांत संपलं. फोन ठेवून मी हॉलमधल्या खुर्च्या मोजायला लागले. पाचव्या खुर्चीपाशी आठवलं, चार वर्षांपूर्वी शेवटचं बोललो तेव्हा तिची आई दवाखान्यात होती. त्या आता आहेत की नाहीत, मी विचारलंच नाही.