जात्यावरच्या ओव्या ए५ पानात बसवताना

आत्याच्या ओव्यांची पुस्तिका काढायचं ठरलं, तेव्हा घरात सगळ्यांचं म्हणणं एकच: मजकूर तर तयार आहे, प्रिंट काढली की झालं. केज तालुक्यातल्या आमच्या गावी भाचीनं आत्याजवळ बसून ओव्या मोबाइलवर टाइप केल्या, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या आणि मी त्या वर्डमध्ये चिकटवल्या. खरं काम तिथून पुढं होतं.

ए४ कागद मधोमध दुमडायचा, म्हणजे पुस्तिकेचं एक पान ए५चं, १४८ बाय २१० मिलिमीटर. ‘लेआउट’मध्ये जाऊन ‘साइज’ बदलला, पण समास होता तोच राहिला, चारी बाजूंनी २.५४ सेंटिमीटर. मोठ्या कागदाला तो शोभतो. इथं दोन्हीकडचा वजा जाता मजकुराला पावणेदहा सेंटिमीटरसुद्धा रुंदी उरेना. लेख असता तर चाललं असतं, कारण गद्याची ओळ कुठंही वळली तरी कुणाचं अडत नाही. ओवीचं अडतं. दोन ओळींची ओवी, त्यात दुसरी बहुतेक वेळा लांब, आणि तिच्या शेवटचा ‘बंधवाच्या’ किंवा ‘मावलीला’ एकटाच खाली येऊन बसायचा.

आत्याला वाचता येत नाही, म्हणून कच्ची प्रिंट तिला वाचून दाखवत होतो. जिथं ओळ तुटली होती तिथं माझाही आवाज नकळत तुटायचा. दोनचार ओव्या तिनं ऐकून घेतल्या, मग म्हणाली, “कामून थांबायलास रे लेकरा मधीच? जातं थांबतंय का तिथं?”

मग मी सगळ्यांत लांब ओवी शोधून काढली आणि तिलाच माप धरलं. ‘मार्जिन्स’मध्ये अगदी खाली ‘कस्टम मार्जिन्स’ आहे. तिथं ‘मल्टिपल पेजेस’समोर ‘मिरर मार्जिन्स’ निवडलं की डावा-उजवा हे शब्द जाऊन आतला आणि बाहेरचा असे येतात. समोरासमोरच्या पानांचे समास एकमेकांना जुळतात, घडीकडची बाजू प्रत्येक पानाला बरोबर मिळते. आतला १.८ ठेवला, बाहेरचा १.५. रुंदी झाली साडेअकरा सेंटिमीटर. पिना मारायच्या होत्या म्हणून आत एवढं पुरलं. जाड पुस्तकाचं चिकट बाइंडिंग असतं तर आत आणखी जागा सोडावी लागली असती.

उरलेलं काम फॉन्टनं केलं. मंगल हा मूळचा पडद्यासाठीचा फॉन्ट. कागदावर तो ऐसपैस पसरतो आणि दोन ओळींत अंतरही फार घेतो. विंडोजमध्येच मिळणारा कोकिळा अंगानं बारीक आहे, त्याच आकारात बराच लहान दिसतो, म्हणून तो १६वर घेतला तरी जागा वाचली. ओळींमधलं अंतर कमी करायला ‘एक्झॅक्टली’, म्हणजे आकड्यानं पक्कं बांधलेलं अंतर, निवडणारे पुष्कळ आहेत. मराठीसाठी मी ते कधीच सुचवणार नाही, आकडा थोडा कमी पडला तरी वेलांटी आणि रफार वरून छाटले जातात. ‘अ‍ॅट लीस्ट’ ठेवावं, म्हणजे गरज पडेल तिथं ओळ वाढते.

तरीही काही ओव्या बसेनातच. त्यांच्यासाठी हँगिंग इंडेंट, म्हणजे ओळ वळलीच तर वळलेला भाग सेंटिमीटरभर आत येतो आणि ही नवी ओळ नव्हे हे डोळ्याला कळतं. यासाठी ओवीच्या दोन्ही ओळी एंटर मारून वेगळे परिच्छेद करायला लागतात. शिफ्ट-एंटरनं तोडल्या, तर दुसरी अख्खी ओळच आत सरकते. मी दोन स्टाइल, म्हणजे फॉन्ट, आकार, अंतर यांचे नाव दिलेले साचे, केल्या, ‘ओवी पहिली’ आणि ‘ओवी दुसरी’, आणि प्रत्येकीच्या पुढची स्टाइल म्हणून दुसरी नेमून दिली. एंटर मारत गेलं की त्या आपोआप आलटूनपालटून येतात. पहिलीला ‘कीप विथ नेक्स्ट’ लावलं, त्यामुळे एक ओळ या पानावर आणि दुसरी पुढच्या पानावर असं होत नाही. दुसरीखाली ८ पॉइंटची मोकळी जागा. वर्डमध्ये स्टाइलइतकं कामाचं मला दुसरं काही सापडलेलं नाही, आणि ते कुणी शिकवतही नाही.

मनोगताच्या पानांना क्रमांक नको होते. त्यासाठी मनोगत संपतं तिथं सेक्शन ब्रेक, म्हणजे फाइलचे वेगळे भाग पाडणारी खूण, टाकायचा, पानाच्या तळाच्या पट्टीत, म्हणजे फूटरमध्ये, ‘लिंक टू प्रीव्हियस’ बंद करायचं आणि आकडा १पासून सुरू करायचा. नवा विषय नव्या पानावर न्यायला कंट्रोल-एंटर.

घडीच्या पुस्तिकेत एका कागदावर चार पानं येतात, म्हणून एकूण पानं चारच्या पटीत हवीत. आमची ४४ झाली, म्हणजे ११ कागद. पहिल्या कागदावर एका बाजूला ४४ आणि १, पाठीमागं २ आणि ४३. ही जुळवाजुळव हातानं करायची गरज नाही. पीडीएफ करून अ‍ॅक्रोबॅट रीडरमधून प्रिंट देताना ‘बुकलेट’ निवडलं की होते. पाठपोट छापताना पान आखूड बाजूवर उलटेल असं मात्र सांगावं लागतं, नाहीतर मागची बाजू उलटी छापली जाते.

लातूरच्या बाइंडरनं नमुन्याची प्रत हातात घेऊन आधी मधली पानं उघडून पाहिली. कागद एकात एक बसले की आतले कागद बाहेर सरकतात, आणि कड सारखी कापताना त्यांचाच समास जातो. ११ कागदांत हा फरक मिलिमीटरभरच असतो. पण पानांचे आकडे बाहेरच्या कोपऱ्यात होते ते त्यानं खाली मधोमध घ्यायला लावले. “कोपऱ्यातला आकडा कटिंगला लगेच उघडा पडतो सर,” म्हणाला.

आता गावातल्या वाचता येणाऱ्या दोघीतिघी मोठ्या अक्षरांची प्रत मागायला लागल्यात. दोन्ही स्टाइलमधला आकार २० केला की सगळ्या ओव्या एकदम बदलतील. ए५वर ते बसणार नाही, तेव्हा ए४ घ्यायचा आणि समास नव्यानं लावायचे. भाची म्हणते, तोवर आत्याला आठवलेल्या आणखी ओव्याही त्यात घालू.