ढग ओळखायचाय? आधी माथेरान दिसतंय का बघा

ढगांचे मुख्य प्रकार दहा. दहांचे फोटो पाठ करूनही खिडकीतून आभाळ बघताना गोंधळ होतो, कारण फोटोत उंची कळत नाही. खारघर-पनवेलच्या बाजूला राहणाऱ्यांची त्यात सोय आहे. माथेरानचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटरवर. ते ढगात बुडालं असेल तर ढगाचा तळ त्याहून खाली. पठार स्वच्छ आणि ढग त्याच्या बराच वर, तर तळ हजाराच्या पुढे. मात्र नुसत्या माथ्यावर बसलेल्या ढगावर विसंबू नका. वारा डोंगर चढताना हवा गार होते आणि तेवढ्यापुरताच ढग धरतो, म्हणून शेजारच्या मोकळ्या आभाळातला तळही बघायचा.

उन्हाने तापून वर येणाऱ्या क्युम्युलसच्या, म्हणजे कापसाच्या ढिगासारख्या ढगाच्या, तळाची उंची आकड्यांतही काढता येते. तापमानातून दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे थेंब होऊ लागतात ते) वजा करा, उरलेल्याला १२५ ने गुणा; उत्तर मीटरमध्ये. मे महिन्यात दुपारी ३४ अंश आणि दवबिंदू २६ असेल, तर तळ हजार मीटरवर. आकडे दुपारचेच घ्या. पहाटेचे घेतलेत तर उत्तर फार खाली येईल.

तुकड्यातुकड्यांचं आभाळ असेल तर हात पूर्ण लांब करा. एक तुकडा करंगळीआड लपला आणि त्यात सावली नसली, तर सिरोक्युम्युलस. तीन बोटांपर्यंतचा, खालून करडा, तो अल्टोक्युम्युलस. त्याहून मोठा स्ट्रॅटोक्युम्युलस. क्षितिजालगत हे करू नका, तिथे सगळेच तुकडे लहान दिसतात.

आभाळभर पसरलेल्या थरांसाठी जमिनीवरची स्वतःची सावली बघा. सावली आहे आणि सूर्याभोवती कडं आहे, तर सिरोस्ट्रॅटस. सूर्य पुसट, भोवती कडं नाही आणि सावली गायब, तर अल्टोस्ट्रॅटस. सूर्य कुठे आहे तेच कळत नाही आणि संततधार लागलीये, तर निंबोस्ट्रॅटस. जुलैतला आपला नेहमीचा सोबती. त्याच्याखाली ठाण्यात येऊरच्या डोंगरावरून घोडबंदर रोडकडे पळणाऱ्या फाटक्या चिंध्या पाऊस पाडत नाहीत, वारा कुठून येतोय तेवढं सांगतात. आणि ढग काळा म्हणजे पाऊस जास्त, हेही दरवेळी खरं नाही. संध्याकाळी पश्चिमेचा ढग मागून उजेड असल्यामुळे उगाच काळा दिसतो.

खरं लक्ष ठेवायचं ते क्युम्युलोनिंबसवर, म्हणजे विजा-गडगडाटाच्या उंच ढगावर. वळवाच्या दिवसांत आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये दुपारी तीननंतर पूर्वेला, बदलापूर-मुरबाडच्या दिशेने बघा. सह्याद्रीवर वाढलेले हे ढग वरच्या पूर्वेकडच्या वाऱ्याबरोबर बहुधा आपल्याकडे सरकतात. डोकं फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं, कडा कापल्यासारख्या स्पष्ट, तोवर वरही पाण्याचेच थेंब आहेत. त्या कडा विस्कटून तंतू सुटायला लागले की माथ्यावर बर्फ झालं आणि क्युम्युलोनिंबस तयार झाला. पुढे माथा सपाट पसरतो. ढग डावी-उजवीकडे न हलता नुसताच मोठा होत असेल, तर तो सरळ तुमच्याच दिशेने येतोय. आधी गार वाऱ्याचा झोत येतो, धूळ उडते, मग टपोरे थेंब. गच्चीवरून खाली यायची वेळ झोताच्याही आधीची: गडगडाट ऐकू आला की लगेच. वीज चमकल्यापासून आवाजापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागलं की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं, पण मोजणी घरात बसून करा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपास पडलेल्या विजा दाखवतं.

मान्सून स्थिरावला (मुंबईत त्याची सरासरी तारीख ११ जून) की हेच मनोरे खालच्या थरांमागे लपतात. फ्लॉवर दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. संततधारेत मधेच गडगडून सरीचा जोर वाढला, तर वर क्युम्युलोनिंबस आहे असंच धरा.