भूगोल का घेतला? तुम्ही विचारलंत म्हणून

"दहावीला एवढे टक्के असताना आर्ट्सला जाऊन भूगोल?" हे मला आत्यापासून नोकरीच्या मुलाखतीतल्या साहेबांपर्यंत सगळ्यांनी विचारलंय. मी चिपळूणची आहे म्हटलं की उत्तरही तेच देऊन टाकतात: "अच्छा, महापूर बघितलास म्हणून!" नाही. महापूर 22 जुलै 2021चा आणि मी अकरावीचा फॉर्म भरला 2020मध्ये. क्रम उलटा लावला की गोष्ट चांगली दिसते, पण ती माझी गोष्ट नाही.

आमची बॅच भूगोलाचा पेपर न दिलेली. 23 मार्च 2020ला तो व्हायचा होता. कोरोनामुळे आधी पुढे गेला, मग रद्दच झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीवर गुण मिळाले. मग कशाच्या जोरावर घेतलास, असंही विचारून झालंय. गुणांचा जोर नव्हताच. माझ्या डोक्यातून कोयनेचं पाणी जात नव्हतं. कोयना कृष्णेला मिळते, म्हणजे ते पाणी बंगालच्या उपसागराकडे जायचं. पण धरणात अडवल्यावर ते डोंगराच्या पोटातून पोफळीला उतरतं, वीज तयार करून कोळकेवाडीमार्गे आमच्या वाशिष्ठीत येतं आणि अरबी समुद्राला जातं. भर उन्हाळ्यात आमच्या नदीला दिसतं ते पाणी घाटापलीकडचं! हे कळल्यावर मला दुसरं काही शिकावंसं वाटेना. सायन्सला राहूनही भूगोल घेता येतो, मला माहीत आहे. आमच्या कॉलेजात ती सोय नव्हती.

आता महापुराच्या आदल्या रात्रीचं सांगते, कारण खरा प्रश्न मला तेव्हा विचारला गेला.

बाजारपेठेत बाबांचं वह्या-पुस्तकांचं दुकान. 2005च्या पुराचं पाणी जिथवर चढलं होतं, तिथे त्यांनी भिंतीवर ऑइलपेंटची निळी रेघ मारून ठेवली होती. पावसाळ्यात सगळा माल त्या रेघेच्या वर ठेवायचा, हा नियम. 21 तारखेच्या रात्री पाऊस थांबेना, तेव्हा आम्ही दोघं जाऊन खालचे गठ्ठे वरच्या फळ्यांवर चढवत होतो. शाळा बंद असल्यामुळे आदल्या वर्षीचाही माल पडून होता. मी म्हटलं, "बाबा, गुरुपौर्णिमा तोंडावर आहे, उधाणाची भरती असणार. पाणी समुद्राकडे ओढणार नाही." बाबांनी हातातला गठ्ठा खाली ठेवला आणि विचारलं, "मग किती वर येईल ते सांग."

मला सांगता आलं नाही.

ते चिडून बोलले नव्हते. मी आकडा सांगितला असता तर त्यांनी टेम्पो बोलावला असता. आम्ही शटर ओढून घरी आलो. पहाटेपासून पाणी चढलं आणि रेघेच्या कितीतरी वर गेलं. ओसरल्यावर आत गेलो तर भिजलेल्या वह्या फुगून रॅकमध्ये अशा घट्ट बसल्या होत्या की हाताने एकही निघेना. पहारीने रॅक उचकटावे लागले. चिखलाला डिझेलचा वास येत होता. निळी रेघ गाळाने झाकली गेली होती. बाबांनी ती फडक्याने पुसून काढली आणि म्हणाले, "हिने निदान काहीतरी आकडा सांगितला होता."

सोळा वर्षांच्या मुलीला अकरावीच्या पुस्तकावरून पुराची उंची कशी सांगता येणार? कुणालाच येणार नाही. त्यासाठी घाटातल्या पावसाची तासातासाची नोंद लागते, नदीपात्राचे छेद, म्हणजे ठिकठिकाणची रुंदी-खोली, लागतात, गाळ किती साठलाय ते मोजलेलं लागतं. हे मी आजवर अनेकांना पटवून दिलंय. बाबांना अजून दिलेलं नाही.

त्याच वर्षी कॉलेजच्या निबंधात मी लिहिलं होतं की गावाला भूगोल कळला असता तर गाव वाचलं असतं. त्या मुलीशी मी अजून भांडते. गावाला नदी कळत होती, उधाण कळत होतं, शाळेत न गेलेल्या आजीलाही कळत होतं. पुढे वाशिष्ठीतला गाळ काढा म्हणून उपोषणाला बसले, तेही गावातलेच लोक होते. गाळ उपसायला सुरुवात झाली ती त्यांच्यामुळे. पण तिचं सगळंच खोडून काढता येत नाही. कुणीतरी आधी मोजून ठेवायला हवं होतं, हे तिचं म्हणणं बरोबरच होतं, आणि ते मोजायला शिकायचं तर सुरुवात याच विषयापासून होते.

सध्या घरात वाद आहे तो सरकारने नकाशावर आखलेल्या पूररेषेचा. निळ्या पूररेषेच्या आत बांधकामावर बंदी येते, म्हणून बाजारपेठेचा तिला विरोध आहे आणि बाबा त्यात पुढे असतात. मला ती रेषा हवी आहे. आमचं दुकान तिच्या आत येतं. ते मला विचारतात की बाजार उठवून न्यायचा कुठे? मी नकाशा उघडून बसते. आजूबाजूला डोंगर, मध्ये नदी, सपाट जागा आहे ती सगळी नदीकाठची. यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि हा विषय सोडून दुसरा घ्यायला हवा होता असं मला अजून एकदाही वाटलेलं नाही.