ब्लाऊज उद्या, आज गरवायला

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या कुडाळात माणसांची लग्नं सुरू होतात, आणि ती सुरू झाली की माझ्या दुकानात ब्लाऊजपिसांचा ढीग शिलाई मशीनच्या वर जातो. मग माघापर्यंत समुद्र बघायला मिळत नाही. म्हणून कार्तिकातल्या अष्टमीला मी दुकानाची फळी उघडलीच नाही. चार गिऱ्हाइकांना ‘उद्या नक्की’ सांगितलं होतं. त्यातल्या दोघींना खरंच द्यायचे होते, तेवढं पाप माझ्या डोक्यावर.

पहाटे साडेचारला भाच्याला उठवलं. भाचा पुण्याचा, इंजिनिअरिंगला आहे. गेल्या वर्षी मी त्याला एकदा खाडीत गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, नेलं आणि त्याने ते मनावर घेतलं. या वेळी येताना खांद्यावर क्रिकेटच्या किटएवढी पिशवी, त्यात माझ्या मशीनपेक्षा महाग रॉड. माझ्याकडे दोन रॉड, ५००० नंबरचं एक रीळ, आणि ल्यूर ठेवायला बॉबिनचा जुना डबा.

निघताना सासूबाई अंथरुणातूनच म्हणाल्या, “सुरमय हाड गो. ती कुपे-बिपे नको.”

निवतीच्या वाळूत तांडेलकाका होडीच्या कडेला विडी ओढत बसलेले. होडी फायबरची, मागे आउटबोर्ड. मी त्यांच्याबरोबर सहा वर्षं जाते. त्यांना जाळ्याचा नाद जास्त, गळ त्यांच्या लेखी म्हाताऱ्यांचं आणि पोरांचं काम. मी कशात बसते ते त्यांचं अजून ठरत नाही. खाली ओंडके टाकून होडी पाण्यात ढकलली. लाटेच्या पुढे गेल्यावर काकांनी मशीन बंद केलं, नारळ हातात घेतला आणि हळू आवाजात गाऱ्हाणं घातलं. मी आणि भाचा “व्हय म्हाराजा” म्हणालो. भाच्याचं जरा उशिरा आलं.

“बाय, आज भांग आसा,” नारळ सोडल्यावर काका म्हणाले. “पाणी ओढ घेवचा नाय.”

अष्टमीला भांग असणारच. चंद्र अर्धा, भरती-ओहोटीत फरक कमी, पाणी संथ. मोठे मासे उधाणाच्या ओढीत जास्त धावतात हे मलाही माहीत आहे. पण उधाण माझ्या दुकानाच्या सोयीने येत नाही. शिवाय भांगाचा एक फायदा आहे: पाणी स्वच्छ राहतं आणि खोल टाकलेलं जिग, म्हणजे शिशाचा खोटा मासा, सरळ खाली जातं. पावसाळ्याचा गढूळपणा आता पुरता बसला होता. मतलई वारा पाठीवर, समुद्र इस्त्री केल्यासारखा.

ज्यांना ल्यूर म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. गळाला खरं आमिष न लावता लाकडाचा, प्लॅस्टिकचा नाहीतर शिशाचा खोटा मासा लावायचा आणि तो असा ओढायचा की मोठ्या माशाला वाटावं, हा दुखावलाय, सहज मिळेल. मी सकाळी दोन ‘रापला’ मागे सोडले. हे नाव फिनलंडच्या एका मच्छीमाराचं, लौरी रापालाचं. १९३६ साली त्याने चपला शिवायच्या सुरीने बूच कोरून पहिला मासा केला आणि चमक यावी म्हणून त्यावर चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी गुंडाळली. मला ही गोष्ट फार आवडते. हातात जे आहे त्यातून शिवणं, दुसरं काय!

तांडेलकाकांना मात्र माझे हे मासे बघून दर वेळी किंमत विचारायची असते. चौदाशे सांगितले की ते समुद्राकडे बघतात. त्यांचे वडील कोंबडीचं पांढरं पीस गळाला बांधून होडीमागे ओढायचे आणि त्यावर सुरमई काढायचे. काका हे इतक्या वेळा सांगतात की मी एकदा शेजारणीच्या कोंबड्याची पिसं मागून आणली, लाल रेशमी धाग्याने शिवली, आणि त्यावर मला खरंच गेदर, म्हणजे छोटा ट्यूना, लागला. ते मी इथे कबूल करते, त्यांना सांगितलेलं नाही.

निवती रॉक्स या समुद्रातल्या खडकांच्या अलीकडे पहिला झटका बसला. रीळ किंचाळलं आणि लगेच गप्प झालं. माशाने एकदाच जोर लावला आणि मग लाकूड ओढावं तसा आला. मला वर काढायच्या आधीच कळलं: टोंकी. लांबोडं तोंड, बाहेर आलेले दात आणि होडीभर तो बुळबुळीत वास. काकांनी बडग्याने एक ठेवून दिली. टोंकीचे दात बघितले की मी सुरमईसाठी पोलादी तारेचा तुकडा का लावते हे वेगळं सांगायला नको, पण भाच्याचं मत होतं की तार दिसली की मासा येत नाही, यूट्यूबवर सगळे साधा लीडर, म्हणजे दोऱ्याच्या टोकाला जाड नायलॉनचा तुकडा, लावतात. त्याने आपली तार काढली. वीस मिनिटांनी त्याचा पहिला रापला गेला. स्वच्छ, कात्रीने कापल्यासारखा.

“पाखरां पडली थंय!” काका ओरडले.

उत्तरेला पाणी उकळत होतं. वर सुरय पक्षी सूर मारत होते, खाली गेदरांनी बारीक मासळी वर रेटली होती. अशा वेळी होडी घोळक्यात घालायची नाही, मासे बुडतात. काकांनी कडेने फिरवून मशीन मंद केलं आणि आम्ही तीस ग्रॅमचे चकचकीत पत्र्याचे तुकडे फेकले. सात-आठ मिनिटांत पाच गेदर. दीड-दोन किलोचा मासा, पण जीव अंगापेक्षा मोठा. रॉडचं बूड पोटात घुसतं.

गेदर आला की पहिलं काम गालाखाली सुरी घालून रक्त काढायचं आणि सरळ बर्फात. या जातीच्या माशांचं रक्त समुद्रापेक्षा गरम असतं, पोहून पोहून अंग तापलेलं. तसाच उन्हात ठेवला तर मांस खराब होतं आणि तो खाल्ल्यावर तोंड-मान लाल होऊन खाज सुटते. आमच्याकडे कुपा-गेदर नको म्हणणारे जे आहेत, त्यांनी बहुतेक होडीच्या तळाला दुपारपर्यंत लोळलेला खाल्लेला असतो. सासूबाई त्यातल्याच.

नऊच्या सुमाराला रॉक्सपाशी पोचलो. दीपगृह, खडकावर पांढरी शीट, आणि कपारींच्या आतून येणारा पाकोळ्यांचा आवाज. या पाकोळ्या लाळेची घरटी बांधतात, आणि परदेशात त्यांचं सूप करतात म्हणून इथली घरटी चोरीलाही गेली आहेत. होडी खडकापासून लांब ठेवून भाच्याने मोठा पॉपर काढला. पॉपर म्हणजे तोंडाला खोलगट वाटी असलेलं लाकूड; झटका दिला की पाण्यावर ‘गुडुप’ असा आवाज होतो. त्याला मोठा कोकर हवा होता. चाळीस वेळा फेकलं त्याने, मी मोजत होते. एकेचाळिसाव्याला रॉड माझ्या हातात देऊन तो होडीच्या कडेवर वाकला आणि सकाळचे पोहे समुद्राला दिले.

“बरा झाला,” काका म्हणाले, “आता मासे येतले.”

आणि खरंच, भाच्याने तोंड पुसून परत फेकलं तर तिसऱ्याच झटक्याला पाणी फुटलं. कोकर नव्हता, दगोळ होता. चपटा, चांदीचा, हातभर लांब, तीन वेळा पाण्याबाहेर उड्या. पोरगा इतका खूश झाला की फोटोसाठी मासा दोन्ही हातांनी घट्ट धरला. मी ओरडेपर्यंत उशीर झाला होता. दगोळाच्या पाठीवरचे आणि पोटाखालचे बारके काटे विषारी असतात. अंगठ्यात एक गेला. जिवाला धोका नसतो, पण ठणका असा की पोरगा पांढराफटक पडला. यावर उपाय म्हणजे सोसेल तेवढ्या गरम पाण्यात बोट बुडवणं, उष्णतेने ते विष मोडतं. समुद्रात गरम पाणी कुठून आणणार? माझ्या थर्मासमध्ये चहा होता. अर्धा तास माझा भाचा स्टीलच्या पेल्यात, आलं घातलेल्या चहात अंगठा बुडवून बसला. ठणका उतरला. चहा काकांनी समुद्रात ओतला, आणि मला वाटतं त्या दिवसातलं त्यांना खरं दुःख तेवढंच झालं.

मग आणखी दीड तास पश्चिमेला. वीस वाव पाण्यात काकांना एक खडप, म्हणजे पाण्याखालचा खडक, माहीत आहे. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आल्या की खाली तो. आता मोबाइलवर जीपीएस आहे, तरी ते आधी डोंगर बघतात आणि मग मोबाइल खरं बोलतोय का ते तपासतात.

इथे जिगचं काम. शंभर ग्रॅमचा शिशाचा मासा तळाला टेकवायचा आणि झटके देत वर आणायचा. जिग मला सगळ्यात आवडतं, कारण सगळं हातानेच कळतं, मशीनखाली कापड सरकताना कळतं तसं. बारीक विणीचा दोरा जाड लीडरला जोडायची जी गाठ आहे, एफजी म्हणतात तिला, तिच्यात लीडरला गाठ मारायचीच नसते. दोरा आलटूनपालटून वीसेक वेढे घालत विणायचा, ताण आला की तो लीडरला चावून बसतो. लोक महिनोन् महिने शिकतात. मला पहिल्या संध्याकाळी जमली. आयुष्यभर हूक-काजं केल्याचा कुठेतरी उपयोग.

पहिल्यांदा राणी मासा आला, जिगपेक्षा थोडासाच मोठा. त्याच्या धाडसाचं कौतुक वाटलं. मग जिग नुसतंच हलकं लागायला लागलं. वर काढलं तर मागची रबरी शेपूट गोल कातरलेली. केंड! फुगलेला तो विषारी गोळा दिसला नाही, पण त्याचा चावा ओळखू येतो. दुसरी शेपूट लावली, तीही नेली. खालून कोणीतरी माझं शिवण उसवतंय असं वाटत होतं.

त्यानंतर गोब्रा, अर्ध्या किलोचाही नसेल. मी सवयीने गळ काढून परत टाकला. तो पोट वर करून उलटा तरंगत राहिला. तोंडातून फुगा बाहेर आलेला.

“सोडलंस कित्याक?” काका पहिल्यांदाच चिडले. “तेच्या पोटात वारो भरलो गे बाय. तो आता खाली जावचो नाय.”

बरोबर होतं त्यांचं. इतक्या खोलातून भरकन वर आणला की आतली हवा फुगते आणि मासा बुडू शकत नाही. गोब्रे आधी माद्या असतात, वाढल्यावर त्यातले काही नर होतात; म्हणून लहान गोब्रा सोडावा असं मी वाचलं होतं, आणि वाचलेलं खरंच आहे. फक्त वीस वावातून काढून वर सोडणं म्हणजे सोडणं नव्हे. होडी वळवून आणेपर्यंत समुद्रगरुडाने तो उचलला. मी ठरवलं, इथे लहान लागायला लागले की जागाच बदलायची. काकांना हेही पटलं नाही. त्यांच्या मते आलेला मासा घ्यायचा, नको असेल तर इंधन जाळून इथवर यायचंच कशाला. यावर आमचं परतेपर्यंत एकमत झालं नाही आणि पुढच्या खेपेलाही व्हायचं नाही.

जागा थोडी सरकवली आणि तांबोशी लागली. ही वेगळीच गोष्ट. तळाला टेकून दोन झटके, आणि रॉड पाण्यात. दोन हातांनी धरून, गुडघा होडीच्या कडेला लावून, खडपात घुसू न देता पहिले चार वाव कसे तरी काढले. वर आली तेव्हा निळ्या पाण्यात लाल साडी उलगडावी तशी दिसली. साडेतीन किलो भरली. काका हसले. दिवसाचा खर्च निघाला.

परतताना पुन्हा रापला सोडले, दोघांच्याही तारा लावून. भाचा आता काही बोलला नाही. किनारा दिसायला लागला आणि माझं रीळ सुटलं. थांबेचना. शंभर मीटर दोरा एका दमात. “सुरमय!” काका उभे राहिले. अशी सरळ, पाण्याला चिरत जाणारी धाव दुसऱ्या कुणाची नाही. मी सात-आठ मिनिटं झुंजले. होडीपासून पन्नास हातांवर असताना एक जोरदार हिसका बसला, आणि मग सगळं हलकं. अगदीच हलकं नाही. थोडं वजन होतं.

ओढून घेतलं. सुरमईचं डोकं आलं, मानेखाली वीतभर मांस, आणि त्याच्या पुढे अर्धचंद्राकृती कापलेलं.

“मुशीन खाल्ल्यान,” काका म्हणाले. मुशी म्हणजे शार्क.

निवतीच्या वाळूत वाटे घातले. तांबोशी काकांची, ते आमचं आधीच ठरलेलं असतं. टोंकी आणि दोन गेदर त्यांच्या खलाशाला. दगोळ भाच्याला, अंगठ्याची भरपाई म्हणून. माझ्याकडे तीन गेदर, राणी आणि ते डोकं. डोकं काकांनी स्वतः माझ्या पिशवीत घातलं, वर बर्फाची मूठ.

घरी सासूबाईंनी पिशवी उघडली. डोकं दोन्ही हातांनी बाहेर काढलं, कल्ले उचलून ताजेपणा बघितला, समाधानाने मान हलवली. मग पिशवीत परत वाकून बघितलं.

“आणि बाकीची खंय?”